गडचिरोलीतील आई आणि नवजात बाळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. चौदा हजार चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्रफळ, त्यातील तीन चतुर्थांशांहून अधिक भाग जंगलाचा आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या जेमतेम पावणेअकरा लाख. बाळंतपणातील आणि जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातील मृत्यूंविषयी या जिल्ह्यात जेवढे काम झाले, तेवढे देशातील फार थोड्या जिल्ह्यांत झाले असेल. त्यामुळे येथील अनुभवाच्या आधारे विद्यार्थी, पत्रकार, आरोग्य कर्मचारी आणि सामान्य कुटुंबे जे प्रश्न वारंवार विचारतात, त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

महाराष्ट्राची आकडेवारी चांगली असताना गडचिरोलीची वेगळी चर्चा कशासाठी?

नमुना नोंदणी पाहणीनुसार २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातामृत्यू झाले. देशाचा आकडा त्या वेळी ९७ होता. २०२० मध्ये राज्याचा नवजात मृत्युदर हजार जन्मांमागे ११ होता आणि देशाचा २०. शाश्वत विकासाच्या उद्दिष्टांत २०३० साठी मातामृत्यूंची मर्यादा ७० आणि नवजात मृत्यूंची मर्यादा १२ अशी ठेवलेली आहे, म्हणजे कागदावर महाराष्ट्र कधीच उत्तीर्ण झालेला आहे.

अडचण सरासरीत आहे. पुण्यातील खासगी रुग्णालयात जन्मलेले बाळ आणि एटापल्ली तालुक्यातील पाड्यावर जन्मलेले बाळ एकाच बेरजेत धरले जाते, आणि शहरांची लोकसंख्या मोठी असल्यामुळे पाड्यावरचे बाळ त्या बेरजेत दिसेनासे होते. शिवाय मातामृत्यूचा दर एक लाख जन्मांमागे मोजतात आणि एवढे जन्म व्हायला या जिल्ह्याला कित्येक वर्षे लागतील. एखाद्या वर्षी चार मृत्यू अधिक झाले की दर उसळतो आणि पुढच्या वर्षी तो खाली येतो. म्हणून जिल्ह्यापुरते बोलायचे असेल तर दराच्या चढउतारापेक्षा प्रत्येक मृत्यूची हकिगत तपासणे अधिक उपयोगाचे ठरते, असे आमचे मत आहे.

मातामृत्यू आणि नवजात मृत्यू नेमके कशाला म्हणतात?

गरोदरपणात, प्रसूतीच्या वेळी किंवा गर्भारपण संपल्यानंतर ४२ दिवसांच्या आत, गरोदरपणाशी संबंधित कारणाने किंवा त्यामुळे बळावलेल्या आजाराने झालेला मृत्यू हा मातामृत्यू. अपघातात दगावलेली गरोदर स्त्री त्यात मोजली जात नाही. जिवंत जन्मलेले बाळ २८ दिवस पूर्ण होण्याआधी दगावले तर तो नवजात मृत्यू. जन्मतः निर्जीव असलेले बाळ वेगळे मोजतात. मात्र खेड्यात ही सीमारेषा नेहमीच पुसट राहिली आहे, कारण दोन-चार क्षीण श्वास घेऊन थांबलेल्या बाळाची नोंद ‘मेलेलेच जन्मले’ अशी होते आणि ते जिवंत जन्मांतही दिसत नाही, मृत्यूंतही दिसत नाही.

बाळंतिणी मुख्यतः कशाने दगावतात?

पहिले कारण प्रसूतीनंतरचा रक्तस्राव. बाळ बाहेर आल्यावर गर्भपिशवी आकुंचन पावली नाही किंवा वार पूर्ण पडली नाही, तर निरोगी स्त्रीचाही जीव दोन-तीन तासांत जाऊ शकतो. आधीच रक्त कमी असलेल्या स्त्रीला तर तेवढाही अवधी मिळत नाही. बाळ जन्मताच दिलेले ऑक्सिटोसिनचे १० युनिटांचे इंजेक्शन हा धोका पुष्कळ कमी करते. हे औषध थंड ठेवावे लागते, त्यामुळे ज्या उपकेंद्रात वीज टिकत नाही तेथे त्याच्या परिणामकारकतेची खात्री देता येत नाही. तेथे मिझोप्रोस्टॉलच्या गोळ्या उपयोगी पडतात.

दुसरे कारण गरोदरपणातील वाढलेला रक्तदाब आणि त्यातून येणारे झटके. चेहऱ्यावर व हातांवर सूज, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी ही त्याची पूर्वसूचना असते. मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त आणि जुने औषध झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी करते, हे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अनेक देशांतील मोठ्या चाचणीने दाखवले. परंतु ते द्यायचे तर आधी कोणी तरी रक्तदाब मोजलेला असला पाहिजे.

जंतुदोष, अडलेले बाळंतपण आणि असुरक्षित गर्भपात ही उरलेली मोठी कारणे. या सगळ्यांच्या पाठीशी रक्तक्षय उभा असतो, आणि गडचिरोलीत त्याच्या जोडीला हिवताप व सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. राज्यातील हिवतापाचा मोठा वाटा या एकाच जिल्ह्यात आढळतो. गरोदरपणातील हिवताप आईचे रक्त कमी करतो आणि बाळाचे वजनही. म्हणून येथे गरोदर स्त्रीला ताप आला तर रक्ताची तपासणी त्याच दिवशी व्हावी, असा आग्रह धरला जातो.

आणि नवजात बाळे?

अपुऱ्या दिवसांचा जन्म व कमी वजन, जन्मतः श्वास न घेणे म्हणजे जन्मश्वासावरोध, आणि जंतुदोष, ही तीन कारणे मिळून बहुतेक मृत्यू होतात. पहिल्या महिन्यातील सुमारे तीन चतुर्थांश मृत्यू पहिल्याच आठवड्यात होतात आणि त्यांतील मोठा भाग पहिल्या दिवशी. खेड्यात एकच बाळ बहुधा दोन-तीन कारणांनी मरत असते. आठव्या महिन्यात जन्मलेले दीड किलोचे बाळ थंड पडते, थंड पडल्याने दूध ओढत नाही, दूध न मिळाल्याने अशक्त होते आणि मग जंतुदोष त्याला गाठतो. मृत्यूच्या दाखल्यावर यांपैकी एकच कारण लिहिले जाते.

दवाखाने असताना पोहोचायला उशीर का होतो?

१९९४ मध्ये थॅडियस आणि मेन या दोन संशोधक स्त्रियांनी ‘तीन विलंबां’ची मांडणी केली: जायचे ठरवण्यातला विलंब, पोहोचण्यातला विलंब आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला विलंब. ही मांडणी जगभर शिकवली जाते. गडचिरोलीत तिचा अर्थ काय होतो, ते थोडे सविस्तर पाहू.

ठरवण्याचा अधिकार बहुतेक घरांत गरोदर स्त्रीकडे नसतो. सासू, नवरा, गावातील पुजारी आणि जाणती म्हातारी माणसे यांचे मत पडते. येथे पुजारी म्हणजे देवाचे करणारा आणि आजारावर मंत्र-औषध देणारा वैदू. मेळघाटात त्यालाच भूमका म्हणतात. रात्री सुरू झालेल्या कळा सकाळपर्यंत पाहू, असे ठरते. दक्षिणेकडील तालुक्यांत माडिया ही बोली आहे आणि मराठी बोलणाऱ्या परिचारिकेला ‘कालपासून अंगावरून जात आहे’ एवढे नीट सांगता येईल याची खात्री त्या स्त्रीला नसते. काही माडिया गावांत पाळीच्या दिवसांत स्त्रियांनी गावाच्या कडेच्या कुर्मा घरात राहण्याची रीत आहे आणि काही ठिकाणी ती बाळंतिणीलाही लागू होते. अशा झोपडीत रक्तस्राव सुरू झाला तर तो किती झाला हे पाहणारे कोणी जवळ असतेच असे नाही.

पोहोचण्यातला विलंब नकाशावर दिसत नाही. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास आहे. नकाशा पाहणारा म्हणेल, चार तास. पावसाळ्यात पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती या तिन्ही नद्या फुगल्या आणि पर्लकोटेच्या ठेंगण्या पुलावरून पाणी गेले की हिशेब तासांचा राहत नाही, दिवसांचा होतो. नाला ओलांडण्यासाठी गर्भवतीला जेसीबीच्या पुढच्या बादलीत बसवावे लागल्याची भामरागड तालुक्यातील बातमी २०२४ च्या पावसाळ्यातली आहे. नंदुरबार जिल्ह्यात अक्कलकुवा आणि धडगावच्या डोंगरांत बांबूला झोळी बांधून बाळंतिणीला खांद्यावरून आणतात. या झोळीला तिकडे कोणी तरी ‘बांबुलन्स’ असे नाव दिले आणि ते रूढही झाले. नाव ऐकून हसू येते खरे, पण त्या झोळीतून पाच-सात किलोमीटर डोंगर उतरणारी स्त्री कळा देत असते.

तिसऱ्या विलंबाविषयी कमी बोलले जाते, कारण तो आरोग्य व्यवस्थेच्या आतला आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात पोहोचलेल्या स्त्रीला ग्रामीण रुग्णालयात, तेथून उपजिल्हा रुग्णालयात आणि तेथून जिल्ह्याला पाठवले जाते. प्रत्येक ठिकाणी चिठ्ठी मिळते. भूलतज्ज्ञ, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि रक्त ही तिन्ही एका वेळी उपलब्ध असलेली जागा शेवटीच सापडते. आमच्या मते आजच्या घडीला अधिक जीव याच विलंबात जातात, आणि दोष मात्र पहिल्या विलंबाला, म्हणजे ‘आदिवासींच्या अज्ञाना’ला दिला जातो.

‘घरोघरी नवजात बालसेवा’ हा प्रयोग काय होता?

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८५ च्या अखेरीस ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम सुरू केले. त्यांच्या परिसराला शोधग्राम म्हणतात. आरंभी स्त्रियांच्या आजारांचा अभ्यास झाला. दोन गावांतील स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे आढळले आणि १९८९ मध्ये हा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गरोदरपणापुरते स्त्रीकडे पाहायचे आणि एरवी तिच्या दुखण्याची दखल घ्यायची नाही, या सवयीला त्याने धक्का दिला.

नंतर लहान मुलांच्या न्यूमोनियावर काम झाले. त्यातली एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. गावातील सुईणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवायचे होते, पण त्यांतील अनेकींना बाराच्या पुढे मोजता येत नसे. म्हणून मणी सरकवण्याची छोटी चौकट आणि एक मिनिटाची वाळूची घडी एकत्र करून श्वासमापक तयार करण्यात आला. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी ठरलेला मणी सरकला तर श्वास जलद. साक्षरतेची वाट न पाहता निदान गावात पोहोचले.

न्यूमोनियाने होणारे मृत्यू घटले, पण नवजात बाळे मरतच होती. १९९३ ते १९९५ या काळात आधारभूत माहिती गोळा करण्यात आली आणि नंतर ३९ गावांत टप्प्याटप्प्याने सेवा सुरू झाली. ४७ गावे तुलनेसाठी होती. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांना ‘आरोग्यदूत’ म्हणून प्रशिक्षण मिळाले. सुईणीबरोबर बाळंतपणाला हजर राहणे, न रडलेल्या बाळाला श्वास देणे, वजन करणे, बाळ उबदार ठेवणे, पहिल्या तासात स्तनपान सुरू करून देणे, महिनाभर ठरावीक दिवशी घरी जाऊन पाहणी करणे आणि जंतुदोषाची लक्षणे ओळखून पालकांच्या संमतीने तोंडावाटे औषध व जेंटामायसिनचे इंजेक्शन देणे ही त्यांची कामे होती.

४ डिसेंबर १९९९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सेवेच्या गावांतील नवजात मृत्युदर ६२ वरून २५.५ वर आला होता आणि तुलनेच्या गावांत तो साठीच्या घरातच राहिला होता. जंतुदोष झालेल्या बाळांपैकी पूर्वी शंभरात सोळा-सतरा दगावत, ते प्रमाण तीनच्या खाली आले. दर १८ बाळांच्या सेवेमागे एक मृत्यू टळला आणि एका बाळामागचा खर्च सुमारे पाच डॉलर होता.

गावातील कमी शिकलेल्या स्त्रीने इंजेक्शन द्यावे, हे योग्य आहे का?

हा आक्षेप पहिल्यापासून घेतला गेला आणि तो गैर नाही. नवजात बाळाला चुकीच्या मात्रेत दिलेले जेंटामायसिन मूत्रपिंडाला आणि श्रवणशक्तीला अपाय करू शकते. म्हणूनच वजनानुसार मात्रा ठरवलेली होती, प्रशिक्षण वारंवार होत होते आणि पर्यवेक्षक नियमित गावात येऊन प्रत्येक नोंद तपासत होते. हा प्रयोग केवळ ‘बाईला सुई दिली आणि मृत्यू घटले’ असा सांगितला जातो, तेव्हा त्यातील देखरेखीचा भाग गळून पडतो. तो गळला तर प्रयोगच उरत नाही.

दुसरी बाजू अशी की, त्या काळी या गावांतील जवळजवळ सर्व बाळंतपणे घरीच होत. १९९५-९६ मध्ये ७६३ नवजात बाळांची बारकाईने पाहणी झाली, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज असल्याचे दिसले आणि प्रत्यक्षात दवाखान्यात नेलेली बाळे अगदी मोजकी होती. ज्या बाळाला डॉक्टर दिसणारच नव्हता, त्याच्यासाठी डॉक्टर आणि आरोग्यदूत असा पर्याय मुळात उपलब्धच नव्हता. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये, रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तेव्हा बाह्यरुग्ण पातळीवर जंतुदोषावर उपचार करण्याची मार्गदर्शक तत्त्वे दिली. भारतात हा अधिकार उपकेंद्रातील आरोग्यसेविकेला आहे, आशा या गावातल्या आरोग्य कार्यकर्तीला नाही.

आता बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात, मग घरभेटींची गरज काय?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, म्हणजे २०१९ ते २०२१ मध्ये, महाराष्ट्रातील ९४.७ टक्के प्रसूती संस्थांमध्ये झाल्याचे आढळले. हे यश मोठे आहे. पण साधी प्रसूती झालेली स्त्री ४८ तास दवाखान्यात राहिली तरी पहिल्या महिन्याचे २६ दिवस उरतात, आणि प्रत्यक्षात ‘घरी गुरे आहेत, धान पडले आहे’ म्हणून दुसऱ्याच दिवशी सुटी मागणारी कुटुंबे कमी नाहीत. जंतुदोष, दूध न ओढणे, वजन न वाढणे हे सारे घरी गेल्यावर सुरू होते.

आशा कार्यकर्ती नेमकी कोणत्या दिवशी येते आणि काय पाहते?

गडचिरोलीच्या अनुभवावर आधारलेली ही सेवा २०११ पासून देशभर आशांमार्फत राबवली जाते. दवाखान्यात प्रसूती झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी, अशा सहा भेटी. घरी झाली असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. सगळ्या भेटी पूर्ण झाल्यावर तिला मिळणारा मोबदला २५० रुपये ठरवण्यात आला होता. जंगलातून पायी केलेल्या सहा भेटींचा हा हिशेब वाचकांनीच मांडून पाहावा.

प्रत्येक भेटीत ती बाळाचे वजन करते, काखेतील तापमान पाहते, श्वास पूर्ण एक मिनिट मोजते, नाळ व त्वचा तपासते आणि बाळ स्तनाला कसे लागते ते प्रत्यक्ष पाहते. आईला ताप, दुर्गंधीयुक्त स्राव, अति रक्तस्राव किंवा स्तनात गाठ आहे का, हेही तिने विचारायचे असते. व्यवहारात आईचा भाग घाईत उरकला जातो. तो विचारून घेण्याचा आईला पूर्ण अधिकार आहे.

लोहाच्या गोळ्या मिळतात, तरी रक्तक्षय का कमी होत नाही?

पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता. हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी म्हणजे गरोदरपणातील रक्तक्षय आणि ७ पेक्षा कमी म्हणजे तीव्र. चौथ्या महिन्यापासून रोज एक याप्रमाणे किमान १८० गोळ्या गरोदरपणात आणि तेवढ्याच बाळंतपणानंतर घ्यायच्या असतात.

गोळी घेतल्यावर मळमळते, शौचाचा रंग काळा होतो, तोंडाला लोखंडाची चव येते. ‘गोळीने बाळ काळे होते’ आणि ‘बाळ मोठे होऊन अडते’ अशा दोन समजुती सर्रास आढळतात. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहाबरोबर घेतल्यास लोह नीट शोषले जात नाही. मात्र गोळ्या खाऊनही रक्त वाढत नसेल तर दोष स्त्रीचा आहे असे गृहीत धरू नये. जंतांचा उपद्रव, हिवताप आणि सिकलसेल तपासलेच पाहिजेत. सिकलसेलग्रस्त स्त्रीला फॉलिक ॲसिड आवश्यक असते, पण लोह द्यायचे की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे असते. नवरा-बायको दोघेही सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते, म्हणून तपासणी दोघांची हवी.

गरोदरपणात कमी खाल्ले की बाळंतपण सोपे होते का?

नाही. ही समजूत मात्र मूर्खपणातून आलेली नाही. जेथे अडलेल्या बाळंतपणावर शस्त्रक्रियेची सोय नव्हती, तेथे लहान बाळ म्हणजे सुटका असा अनुभव पिढ्यान्‌पिढ्या आला असणार. आज त्याची किंमत अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ मोजते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुले वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला सात-आठ महिन्यांच्या गरोदर स्त्रियाही जातात, कारण वर्षभराची रोकड त्याच हंगामात हाती येते. अशा स्त्रीला ‘विश्रांती घ्या’ असे सांगून भागत नाही. आदिवासी क्षेत्रातील गरोदर व स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण देणारी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये सुरू झाली, ती या दृष्टीने महत्त्वाची आहे.

दाईकडून बाळंतपण करून घ्यावे का?

प्रसूती प्रशिक्षित कर्मचाऱ्याच्या हातून आणि दवाखान्यातच व्हावी. पण दाईला घालवून देण्याची गरज नाही. कळांच्या वेळी पाठ चोळणारी, माडियात धीर देणारी ओळखीची बाई शेजारी असेल तर स्त्री दवाखान्यात यायला तयार होते, हा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. दवाखान्यात तिला दाराबाहेर बसवून ठेवले जाते, हे आम्हाला अनाकलनीय वाटते.

जन्मानंतरच्या पारंपरिक रीतींपैकी कोणत्या चालतात आणि कोणत्या टाळाव्यात?

अळीव, डिंक, मेथीचे लाडू, तेलाची हलकी मालीश, आई-बाळाने महिनाभर गर्दीपासून दूर राहणे यांत काही वावगे नाही. शेवटची रीत तर बाळाला जंतुदोषापासून वाचवते. चीक पिळून टाकणे, पहिले दोन-तीन दिवस मध, साखरपाणी किंवा जनमघुटी चाटवणे, नाळेवर शेण, राख किंवा हळद लावणे आणि जन्मताच आंघोळ घालणे हे टाळावे. नाळ कोरडी व उघडी ठेवावी. बंद खोलीत शेगडी पेटवून शेक-धुरी देण्याची पद्धतही धोक्याची आहे, कारण धुराने बाळाची छाती भरते आणि कोळशाचा वायू जीवघेणा ठरू शकतो.

मेळघाटात कोरकू समाजात पोट फुगलेल्या बाळाच्या पोटावर तापलेल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ नावाची प्रथा आहे. याला कोणतेही समर्थन नाही. पोट फुगणे हे नवजात बाळात बहुधा गंभीर जंतुदोषाचे लक्षण असते. चटक्यांनी जखमा होतात आणि उपचाराचे मोलाचे तास निघून जातात.

बाळ फार लहान असेल तर घरी काय करता येते?

दोन किलोपेक्षा कमी वजनाचे बाळ आधी दवाखान्यातच पाहिले पाहिजे. १८०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर विशेष नवजात काळजी कक्षात दाखल करावे लागते. उपलब्ध उपायांपैकी सर्वांत प्रभावी उपाय फुकटचा आहे: उघड्या बाळाला फक्त टोपी, मोजे व लंगोट घालून आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लागेल असे उभे धरणे आणि वरून कापड बांधणे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास इन्क्युबेटरच्या टंचाईतून ही ‘कांगारू’ पद्धत पुढे आली. जन्मानंतर लगेच ती सुरू केल्यास कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि भारतातील रुग्णालयाचाही सहभाग असलेल्या चाचणीत दिसले. आई थकली तर वडील, आजी, मावशी कोणीही बाळाला असे धरू शकते. बाळाला ओढता येत नसेल तर आईचे दूध पिळून वाटी-चमच्याने पाजावे. बाटली वापरू नये.

कोणती लक्षणे दिसताच थांबू नये?

बाळाने दूध ओढणे सोडले, रडणे क्षीण झाले किंवा थांबले, हातपाय लुळे पडले, श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक झाला किंवा छातीखाली खड्डा पडू लागला, अंग तापले किंवा पोट व तळपाय थंड लागू लागले, पोट फुगले, झटके आले, नाळेतून पू आला, पहिल्या २४ तासांत कावीळ दिसली. यांपैकी एकही लक्षण पुरेसे आहे.

आईच्या बाबतीत: कळांच्या आधी रक्त जाणे, पाणमोट फुटून बारा तास उलटूनही कळा नसणे, बारा तासांहून अधिक कळा देऊनही प्रसूती न होणे, अर्ध्या तासात वार न पडणे, कापड भिजत राहणे, झटके, तीव्र डोकेदुखी, थंडी वाजून ताप. रुग्णवाहिकेसाठी १०८ किंवा १०२ या क्रमांकावर संपर्क साधता येतो.

खर्चासाठी कोणती मदत मिळते?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे २०११ पासून शासकीय रुग्णालयात प्रसूती, सिझेरियन, औषधे, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. आजारी बाळालाही हा लाभ मिळतो. जननी सुरक्षा योजनेत दारिद्र्यरेषेखालील व अनुसूचित जाती-जमातींतील ग्रामीण मातेला राज्यात ७०० रुपये मिळतात. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, आणि दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये दिले जातात. आधार क्रमांक आणि बँकखाते जुळले नाही म्हणून पैसे अडकतात, ही नेहमीची तक्रार आहे. सासरचे व माहेरचे नाव कागदपत्रांवर वेगवेगळे असणे हे त्याचे सर्वांत सामान्य कारण.

माहेरघर म्हणजे काय?

दुर्गम भागातील गरोदर स्त्रीने प्रसूतीच्या तारखेआधी काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे, यासाठी बांधलेली ही खोली. सोबत एक नातेवाईक आणि लहान मूल राहू शकते, जेवण मिळते आणि बुडीत मजुरीपोटी रक्कम दिली जाते. नदी फुगण्याआधीच ओलांडायची, एवढे साधे त्यामागचे तत्त्व आहे. जेथे खोली स्वच्छ आहे, चूल मांडायला जागा आहे आणि परिचारिका आपुलकीने बोलते, तेथे स्त्रिया येतात. इतरत्र खोलीत सामान साठवलेले दिसते.

प्रसूतीच्या तारखेआधी घरातील पुरुषांनी कोणती तयारी करावी?

गाडी कोणाची आणि रात्री ती कोण चालवेल हे आठव्या महिन्यातच ठरवून चालकाचा क्रमांक भिंतीवर लिहावा. मोबाइलला रेंज कोणत्या टेकडीवर मिळते हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे. पत्नीचा रक्तगट लिहून ठेवावा, रक्त देऊ शकणाऱ्या दोन माणसांशी आधीच बोलून ठेवावे आणि माता-बाल संरक्षण कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पासबुक, दोन सुती लुगडी व बाळासाठी टोपी एका पिशवीत भरून ती पिशवी दाराजवळ खुंटीला टांगून ठेवावी. प्रसूती जून ते सप्टेंबर या काळात अपेक्षित असेल आणि वाटेत नाला असेल, तर पाऊस लागण्याआधीच आशाला सांगून माहेरघरातील जागा निश्चित करावी.